मामाची वाटी

आमच्या वाडीत एका घरी एक वासरू होतं. त्या पावसाळ्यात त्याच्याइतकं तुकतुकीत वासरू कापडे गावाच्या आसपास दुसरं नसेल. आणि त्याच घरात एक मुलगी होती, थंडीत जन्मलेली, जिचं वजन जून लागल्यापासून वाढायचं थांबलं होतं. वासरू तुकतुकीत का झालं ते मला ठाऊक होतं. मुलीसाठी अंगणवाडीतून मी दिलेली पाकिटं ते खात होतं.

मी या वाडीची अंगणवाडी सेविका. माझं माहेर ओढ्यापलीकडच्या वाडीत आणि सासर इथे, त्यामुळे लहानपणापासून आजपर्यंत मी एकाच डोंगराच्या सावलीत आहे. मधली तीन वर्षं तेवढी एसटीचा पास काढून महाडच्या कॉलेजला गेले आणि बी.ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी. वडिलांनी प्रमाणपत्राला काच लावून ते देवांच्या शेजारी टांगलं, अजून तिथंच आहे. पुढे मी अंगणवाडीत लागले तेव्हा पंधरावी शिकून शेवटी पोरांची नाकं पुसायची का, असं बरेच जण म्हणाले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. अंगणवाडीतल्या मटकीच्या उसळीची चव माझ्या जिभेवर होती. लहानपणी आई शेतावर जायची आणि दुपारचं पोटभर खाणं मला त्या एका खोलीत मिळायचं. ज्या घराने आपल्याला वाढलं तिथं वाढपी म्हणून उभं राहायला मिळावं, यापेक्षा चांगली नोकरी मला सुचत नव्हती.

सहा महिन्यांचं झालं की बाळाला आईच्या दुधासोबत वरचं खाणं लागतं. त्यासाठी सरकारकडून घरी न्यायची पाकिटं येतात. भाजलेल्या धान्याचं आणि डाळीचं पीठ असतं ते, पाण्यात शिजवलं की लापशी होते. जूनमध्ये त्या मुलीला सहा महिने पुरे झाले आणि मी पहिली पाकिटं तिच्या घरी नेऊन दिली. तिच्या आजीने ती घेतली, माळ्यावर ठेवली आणि मला चहा दिला.

ही आजी नात्याने माझी चुलतसासू. मी त्यांना आत्या म्हणते. वाडीत त्यांचा शब्द चालतो, आणि मी पडले वाडीची सून, म्हणजे सल्ला द्यायचा तोही पदर सावरून. मुलगी कधी जेवायला लागणार, असं मी विचारलं. उष्टावण झालं की, असं त्या म्हणाल्या. मग उष्टावण कधी? तर गणपतीत, मामा आला की.

आमच्याकडे बाळाच्या तोंडात अन्नाचा पहिला कण मामा घालतो. त्याच्या मांडीवर बसून, त्याच्या हातची खीर. त्याआधी भाताचं शीतसुद्धा द्यायचं नाही. पूर्वी मामा शेजारच्या गावात असायचा, निरोप धाडला की दुसऱ्या दिवशी हजर. आता मामा मुंबईत असतो. या मुलीचं आजोळ उमरठचं आणि मामा मुंबईतल्या एका कँटीनमध्ये आचारी. नोकरी नवी होती म्हणून तो मे महिन्यातही आला नव्हता. आता एकदम गणपती. तोवर मुलीला नववा लागणार होता.

"पोरीला नववा महिना चालतो," आत्या म्हणाल्या. "विषम हाय."

त्यात लावणी सुरू झाली. मुलीचे वडील बिरवाडीला कारखान्यात, रविवारी यायचे. आई सकाळी चिखलात उतरायची ती दुपारी एकदा अंगावर पाजायला घरी यायची. मधल्या वेळात आत्या नातीला दूध द्यायच्या, पण पचायला जड जाईल म्हणून त्यात निम्मं पाणी घालायच्या. प्रेमात कुठे कमी नव्हतं. मुलगी दिवसभर त्यांच्या खांद्यावर असायची. पण मी महिन्याचं वजन घेतलं तेव्हा वाढीच्या तक्त्यावरची तिची रेघ हिरव्या पट्ट्यातून पिवळ्यात उतरली होती, आणि खाली लाल पट्टा फार लांब नव्हता. वजन करतानाही आत्या तोंड फिरवून बसल्या. वजन मोठ्याने बोललं की नजर लागते, म्हणून आकडा मी त्यांना कधी सांगायचा नाही, असं आमचं ठरलेलं होतं.

पोलादपूरला डॉक्टरांनी तपासलं. आजार काही नाही, हिला खायला घाला, इतकंच ते म्हणाले. आत्यांनी मान डोलावली. घरी आल्यावर पाकीट मात्र वासराच्या आंबोणात गेलं. फुकट कशाला घालवायचं, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्यांच्या बाजूने तो चुकीचाही नव्हता.

मुलीची आई एकदा ओढ्यावर माझ्याशी बोलली. ती फार बोलणारी नाही. म्हणाली, "ताई, रात्री ती माझी बोटं चोखत बसते." तिने एवढंच सांगितलं आणि धुणं उचलून चालायला लागली.

मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन देवळामागच्या माळावर गेले, कारण पावसात फोनला रेंज तिथेच मिळते. मामाला फोन लावला. सगळं ऐकून तो घाबरला. म्हणाला, माझ्यासाठी थांबू नका, आजच भरवा. पण सुट्टी मात्र मिळणार नाही, आत्ता मागितली तर नोकरी जाईल. मग त्यानेच सुचवलं की व्हिडिओ कॉल करतो, तिथून तो बघेल आणि इथं कोणीतरी भरवावं. मी हुरळून आत्यांकडे गेले. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली न ठेवताच म्हणाल्या, "फोनातला मामा मांडी देतो काय गो? पंधरावीत हे शिकवलं?"

मी तिथंच ओटीवर बसले, कारण उठून जायचं तर कुठल्या तोंडाने. पाखडून झाल्यावर आत्या पिशवी भरायला लागल्या. त्यांचा थोरला मुलगा मुंबईला असतो आणि पोलादपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरकडे दर पंधरवड्याला त्याची पिशवी जाते. तांदूळ, नाचणीचं पीठ, सुकवलेली आंबोशी, आणि त्या दिवशी वर नारळाच्या वड्या. मी नुसतं बोलायला म्हणून म्हटलं, की वड्या तर मुंबईतही मिळतात.

"मिळतात तर मिळतात. माझ्या हातच्या हायत काय त्या? मी इथं करते, तो तिथं खातो, म्हणजे मीच भरवला त्याला."

त्या वाक्यावर मला काय सुचलं ते मी लगेच बोलून टाकलं. विचार केला असता तर कदाचित सून म्हणून बोलले नसते. म्हटलं, "आत्या, तुमच्या हातचं तिकडं पोचतं, तर मामाच्या हातचं इकडं का नाही पोचणार?"

त्यांनी पिशवीचं तोंड बांधलं, सोडलं, परत बांधलं. नंतर म्हणाल्या की खीर काय पिशवीतून येते का, नासेल ती. मी म्हटलं खीर नको, तांदूळ येऊ दे. मामा आचारी आहे, तो स्वतःच्या हाताने धुऊन, वाळवून, भाजून त्याचा रवा काढेल. मुंबईहून येणाऱ्या गाडीने तो पाठवेल. आपण इथं नुसता शिजवायचा.

पिशवी बाजूला सारून त्या म्हणाल्या, "आणि वाटी? वाटी मामाचीच लागते."

मी परत माळावर पळाले. मामाला वाटीचं सांगितलं तर तो अडखळला. गणपतीत चांदीची आणायचं त्याच्या मनात होतं, त्यासाठी तो थोडं थोडं बाजूला टाकत होता. आता स्टीलची पाठवली तर बहिणीच्या सासरी तिला बोलतील, अशी त्याला भीती. "चांदीची गणपतीला आणा भाऊ," मी म्हटलं, "पण तोवर पोरगी कशातून जेवेल?" मग तो म्हणाला की उद्याच्याच गाडीला देतो.

पोलादपूरच्या स्टँडवर पहाटे गाडी आली तेव्हा मी आणि मुलीची आई छत्री धरून उभ्या होतो. ड्रायव्हरने सीटमागून कापडी पुडकं काढून दिलं. इतक्या हलक्या पुडक्यासाठी दोघीजणी आल्या म्हणून तो हसला.

आत्यांनी ते स्वतः उघडलं. आत भाजलेल्या तांदळाचा रवा होता, वासावरूनच तुपावर परतलेला कळत होता. तांदूळ मूळचा उमरठच्या शेतातला, मामाच्या आईने त्याला पाठवलेला. मुंबई बघून आला म्हणायचा, असं आत्या म्हणाल्या. रव्यात खोचलेली एक छोटी वाटी आणि चमचा. वाटीवर दुकानदाराकडून अक्षरं कोरून घेतली होती. आत्यांनी बोट फिरवून ती चाचपली आणि वाटी माझ्याकडे दिली. "वाच."

मी वाचलं. वरती मुलीचं नाव होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मामाकडून'.

उष्टावण दुसऱ्या दिवशी सकाळी झालं, लावणीला जायच्या आधी. मांडी कोणाची हा प्रश्न मी काढलाच नाही, आत्यांनीच तो सोडवला होता. पाटावर त्या बसल्या, नातीला मांडीवर घेतलं, वाटी कपाळाला लावली आणि म्हणाल्या, हात माझा, घास मामाचा. पहिला चमचा मुलीने थोडा बाहेर काढला. दुसरा तोंडात राहिला. तिसऱ्याला तिने चमचा दोन्ही हातांनी धरला आणि सोडेचना. आम्ही सगळ्या हसलो. वाटी रिकामी झाली तेव्हा ती वाटीकडे बघून ओरडली, आणि आत्यांचं हसू थांबलं.

"भुकेली होती गो पोर," त्या म्हणाल्या, आणि परत वाटी भरायला उठल्या.

आता खरी गंमत पाकिटांची. मामाचा रवा किती दिवस पुरणार? मी माळ्यावरच्या पाकिटांकडे बोट दाखवलं, तर आत्या म्हणाल्या, "वासराचं खाणं पोरीला घालू?" मी नुसतं गोठ्याकडे पाहिलं. वासरू दाव्याला ओढ देत उड्या मारत होतं. आत्यांनीही पाहिलं. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की मांडीवरची मुलगीही हसायला लागली. त्या दिवसापासून वासराचं पाकीट बंद झालं.

लापशी कशी करायची ते मी चुलीशी बसून दाखवलं. चमच्यावरून ओघळून जाणार नाही इतकी दाट, वरून थोडं तेल किंवा तूप. दुधात पाणी घालणं बंद झालं आणि आईचं पाजणं चालूच राहिलं. पण माझ्या शिकवण्यापेक्षा वाटीने जास्त काम केलं. घरात सगळ्यांचं एका टोपात शिजतं आणि लहानाच्या वाट्याला किती गेलं ते कोणालाच कळत नाही. इथं मात्र नावाची वाटी होती, ती दुसऱ्या कोणाला चालत नव्हती, आणि ती रिकामी झाली का नाही ते आत्या रोज बघत होत्या. लावणीवरून आल्यावर सून विचारायच्या आत त्या सांगायच्या, आज किती वाट्या झाल्या.

पोलादपूरच्या मासिक बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा सेविका वासरावर पोट धरून हसल्या. मग एक एक जण बोलायला लागली. आमच्याकडे पण मामा मुंबईला, आमच्याकडे सुरतेला, आमच्याकडे होळीशिवाय येत नाही. बैठक संपल्यावर त्यांतल्या दोघी मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या आणि वाटीवर काय कोरायचं ते नीट विचारून गेल्या. त्याच पावसात मुंबईच्या गाड्यांमधून वाट्या यायला लागल्या. एका ड्रायव्हरने मला विचारलं, काय हो बाई, तुमच्या भागात वाट्यांचा दुष्काळ पडलाय का? आमच्या सगळ्या पट्ट्यात त्या वर्षी गणपतीसाठी एकही बाळ उपाशी थांबलं नाही. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

गणपतीत मामा आला. येताना खरंच चांदीची वाटी घेऊन आला. आत्यांनी ती हातात तोलली, छान आहे म्हणाल्या, आणि देव्हाऱ्यात ठेवली. जेवायला तिची ती पहिलीच, असं त्यांनी जाहीर केलं. मामाने स्टीलच्या वाटीतूनच भाचीला भरवलं. मांडीवर बसवून, आरतीनंतर, सगळ्या भावकीसमोर. ती त्याला ओळखत नव्हती, पण वाटी ओळखत होती. तिने घास घेतला आणि त्याच्या सदऱ्याला खिरीचे हात पुसले. मामा रडला. आचारी माणूस, धुराची सवय असलेला, पण डोळे पुसायला त्याला बाहेर जावं लागलं.

महिन्याचं वजन घ्यायचं राहिलं होतं म्हणून मी काटा तिथेच आणला. तुळईला लावला, झोळीत मुलीला बसवलं. मी वाकून आकडा पाहिला आणि नेहमीप्रमाणे मनातच ठेवला. तक्त्यावर खूण केली. रेघ पिवळ्यातून निघून हिरव्यात शिरली होती, आणि नुसती कडेला नाही, चांगली आत. मी मान वर केली तर आत्या माझ्या खांद्यावरून तक्त्याकडे बघत होत्या.

"किती भरली?"

मी त्यांच्या कानाशी वाकायला गेले. त्यांनी मला हाताने मागे सारलं. "मोठ्याने सांग की. मामाला ऐकू दे."

मी मोठ्याने सांगितलं. ओटीवरच्या पुरुषांनाही ऐकू गेलं. आत्यांनी नातीला झोळीतून काढून कडेवर घेतलं, तिच्या कानामागे काजळाचं बोट लावलं, आणि दर्शनाला आलेल्या शेजारच्या सुनेकडे वळल्या. तिला तेव्हा सातवा महिना होता.

"तुझा भाऊ कुठं असतो गो?" त्यांनी विचारलं.