भास्करने निवडलेली काच

भास्कर गेल्याची बातमी मला सोपानने दिली, आणि ती देताना तो भास्करला शिव्या घालत होता. दुपारची वेळ होती. दारात उभा राहून तो म्हणाला, "गुरुजी, मेला तुमचा भाऊ. काम अर्धं टाकून मेला." मग त्याने आमच्या चौकटीवर अशी मूठ आपटली की बोटांची सालटी निघाली. मी त्याला आत बसवले आणि तांब्याभांडे पुढे ठेवले. त्याने ओतलेले पाणी भांड्याबाहेर पडून फरशीवर वाहिले. सोपानला एकच डोळा आहे. अंतराचा अंदाज त्याला येत नाही. कारखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या भास्करचे हृदय थांबले, एवढे तो कसेबसे सांगू शकला. त्या गोष्टीला आता महिना होत आला...

भास्कर माझा मावसभाऊ, माझ्याहून बराच लहान. माझे आयुष्य भोरच्या शाळेत संस्कृत शिकवण्यात आणि घरच्या देवपूजेत गेले. त्याचे गेले तारा, बटणे आणि पडदे यांत. नव्वदीच्या दशकात त्याने एसटी स्थानकाजवळ व्हिडिओ गेमचे पार्लर काढले, तेव्हा गावातील काही प्रतिष्ठित गृहस्थ माझ्याकडे आले. पडद्यावरचे दोन मल्ल एकमेकांची हाडे मोडतात आणि तरुण पोरे ते पाहून आरोळ्या ठोकतात, तेव्हा भावाला चार शब्द सांगा, असे त्यांचे म्हणणे होते. मी स्वतः जाऊन तो खेळ पाहिला. ठोसे बसत होते, तोंडातून रक्त उडत होते, पडलेला उठून पुन्हा मार खात होता. माझ्या देवघरातील देवीच्या पायाखाली महिष आहे, आणि त्याच्या छातीत त्रिशूळ रुतलेला आहे. त्या मूर्तीला मी रोज हळदीकुंकू वाहतो. युद्ध पाहणे हे पाप ठरवले तर मला प्रथम माझे देवघर बंद करावे लागले असते. मी त्या गृहस्थांना चहा दिला आणि निरोप दिला.

परंतु पार्लरमध्ये खरे रक्त सांडले ते बाजाराच्या दिवशी. ज्या यंत्रावर सर्वांत अधिक गर्दी असे, त्याच्या पडद्यापुढची संरक्षक काच तडकली होती. भास्करने ती उतरवून ठेवली आणि यंत्र तसेच चालू ठेवले. बाजार उरकला की बसवू, असे तो म्हणाल्याचे मला आठवते. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्याहून आलेला सोपान तेव्हा मिसरूड फुटलेला तरुण होता. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या दांडीवर, म्हणजे जॉयस्टिकवर, एक अनोळखी तरुण खेळत होता आणि हरत होता. सोपानने त्याला डिवचले, "आयला, हात हायत का लाकडं?" हसे झाले. त्या तरुणाने बाजूचे लोखंडी स्टूल उचलले आणि पडद्यावर घातले. आतली पिक्चर ट्यूब जुन्या टीव्हीची होती. तोफ डागावी तसा आवाज झाला आणि काचेचे तुकडे सोपानच्या उजव्या डोळ्यात गेले. भास्करने त्याला खांद्यावर टाकून दवाखान्यापर्यंत पळत नेले. डोळा वाचला नाही.

दुसऱ्या दिवशी सोपानचे नातलग टेम्पो भरून आले. पहारी होत्या, कुऱ्हाडीचे दांडे होते. एकेक यंत्र त्यांनी आडवे पाडून फोडले, मग भास्करला आडवे पाडले. मी मध्ये पडलो तेव्हा माझ्या पाठीवर एक दांडा बसला. त्याहून अधिक मला काही करता आले नाही. भास्करच्या गळ्याजवळचे हाड मोडले होते, ओठ फाटला होता, आणि सर्वांगावर काचेचा चुरा होता. त्याने एकदाही हात उचलला नाही. "त्यांचं बरोबर आहे, दादा," एवढेच तो म्हणाला. पुढे त्याने घराच्या मागील खोलीत कारखाना घातला आणि मिक्सर, पंखे दुरुस्त करू लागला. पडद्याच्या वस्तूला मात्र त्याने हात लावला नाही. कोणी टीव्ही आणला तर तो दुसऱ्या दुकानाचा पत्ता सांगे.

दोन वर्षांपूर्वी एक मनुष्य मिक्सर घेऊन त्याच्याकडे आला. मी तेथेच बसलो होतो. भास्करने मान वर केली आणि त्याच्या हातातील पकड गळून पडली. सोपान शांतपणे स्टुलावर बसला. मिक्सरविषयी तो बोललाच नाही. "भास्करशेठ, ती मशीन परत बनवता का? त्या दिशी मी जिकत हुतो. एकच ठोसा ऱ्हायला हुता."

भास्करने पडलेली पकड उचलून ठेवली. मग म्हणाला, "बनवतो. दुसऱ्या दांडीवर मी उभा राहीन. तू मला मार."

अशा रीतीने ते काम सुरू झाले. प्लायवूडचे कपाट भास्करने स्वतः कापले, दांड्या आणि बटणे पुण्याहून आणली, जुने खेळ एका लहानशा संगणकात भरले. प्रश्न उरला तो पडद्याचा. भास्करने कोणालाही न विचारता नवा सपाट पडदा बसवला. सोपान नसरापूरला गाडी बदलून भोरला आला, दांडी धरून उभा राहिला, आणि थोड्याच वेळात त्याचा चेहरा आवळला.

"ह्यो माझा ठोसा न्हाई. मी बटन दाबतो, ह्यो मागनं मारतो. आन गडी बघा की, चौकोनी ठोकळं नुसतं."

"सवय होईल. यात फुटणारी ट्यूब नाही, सोपान. कुणाच्या डोळ्यात काही जाणार नाही."

"माझ्या डोळ्याचं मला सांगू नगंस."

सोपानने भास्करची गचांडी धरली. भास्करने, आयुष्यात प्रथमच असेल, हात उचलला आणि त्याच्या थोबाडीत दिली. सोपानने त्याला कपाटावर दाबले आणि दुसऱ्या हाताची मूठ सरळ पडद्यात घातली. काच उडाली नाही. पडद्याच्या मधोमध शाईसारखा काळा डाग उमटला आणि सावकाश पसरत गेला. तशा दाबलेल्या स्थितीत भास्कर हसू लागला. "बघ, फुटला तरी कुणाला लागलं नाही."

"म्हनून तर मेल्यावानी वाटतोय," सोपान म्हणाला, आणि त्याने हात सोडला.

त्यानंतर तो जे बोलला ते मी विसरू शकत नाही. भात कापताना विळा बोटावर येतो, गाडी कोणी चालवू देत नाही, पाणी ओतले तर सांडते, पोरे हसतात. "पर पडद्यावर खोल असं काय नसतंच. तिथं डोळा येक का दोन, समद्यांना सारखंच दिसतंय. तिथं मी कुनाच्या खाली न्हाई. मला तीच काच पायजे, जशी हुती तशी."

भास्करने ते मानले. जुने टीव्ही लोकांनी केव्हाच भंगारात दिले होते. अखेर उत्रोलीत एका गोठ्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेला एक संच मिळाला. पिक्चर ट्यूब बंद असतानाही आत वीज धरून बसते, तेव्हा हात घालण्यापूर्वी ती मोकळी करावी लागते. तार बांधलेला स्क्रूड्रायव्हर भास्कर आत सरकवी, तडाक् असा आवाज होई, आणि त्या प्रत्येक आवाजाला तो डोळे घट्ट मिटून घेई. तरीही त्याने ती बसवली. मात्र एक अट त्याने सोडली नाही. ट्यूबच्या पुढे दुसरी काच येईल, आणि ती कोणती हे तो ठरवील.

त्याने टेम्पोच्या पुढच्या, पोटात चिवट पापुद्रा असलेल्या काचेचे दोन तुकडे आणले. त्यातला एक त्याने सोपानसमोर उभा धरला. आधी सोपानच्या चांगल्या डोळ्यावर जाड चष्मा चढवला, मग त्याच्या हाती हातोडा दिला. "मार. उडाली तर मी ट्यूब काढून टाकतो."

सोपानने एक घाव घातला. काचेवर कोळ्याचे जाळे उमटले, तुकडा उडाला नाही. त्याने दुसरा घातला. मग तो थांबेना. तोंडाने शिव्या देत, घामाने निथळत तो मारत राहिला, आणि भास्कर ती काच दोन्ही हातांनी धरून समोर उभा राहिला. एक घाव चुकून भास्करच्या अंगठ्यावर आला. त्याने काच सोडली नाही. सोपानचा श्वास संपला तेव्हा काच गोधडीसारखी लोंबत होती, आणि तिच्या मागच्या बाजूवरून भास्करने सोपानचा तळहात फिरवला. ओरखडासुद्धा उठला नाही. सोपान तेथेच जमिनीवर बसला आणि हुंदके देऊ लागला... चितेवर ठेवताना भास्करच्या त्या अंगठ्याचे नख अजून काळे होते.

दुसरा तुकडा मापाने कापून भिंतीला टेकवलेला होता. तो बसवण्यापूर्वीच भास्कर गेला.

दिवसकार्य झाल्यावर सोपान आला. यंत्र तयार होते, ट्यूब जागेवर होती. बटण दाबायचाच अवकाश. मला वाटले, तो तसाच खेळायला उभा राहील. त्याने भिंतीकडची काच उचलली. "आदी ही," तो म्हणाला. त्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेच्या आजूबाजूला घसरत होता. मी त्याचे मनगट धरून खाचेवर नेत राहिलो. चारही कोपरे बसले. पडदा उजळला तेव्हा रंग ओले असावेत तसे दिसत होते.

सोपान आपल्या दांडीवर उभा राहिला. दुसऱ्या दांडीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"गुरुजी, या. येकट्यानं मारामारी हुती व्हय?"

"मला यातले काही येत नाही."

"मार खायाला काय यावं लागतंय?"

मी उपरणे खुंटीला अडकवले आणि भास्करच्या जागी उभा राहिलो. सोपानने दया दाखवली नाही. माझ्या मल्लाच्या जबड्यावर, पोटात, पुन्हा जबड्यावर तो मारत गेला, आणि प्रत्येक ठोशाचा धमाका खोलीत घुमत होता. मी पडत होतो, उठत होतो. एकदा माझाही ठोसा त्याला बसला आणि त्याने "शाबास" म्हटले. शेवटी माझा मल्ल झोकांड्या खाऊ लागला. एकच घाव पुरेसा होता. सोपानचा अंगठा बटणावर स्थिर झाला.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून भास्करच्या पत्नीचा, सुमनचा, आवाज आला. भाजी चिरता चिरता, नेहमीच्या सवयीने, "अहो, आवाज कमी करा जरा."

सुरी थांबल्याचे आम्हाला ऐकू आले. पडद्यावर माझा मल्ल झुलत उभा होता. सोपानने माझ्याकडे पाहिले नाही. त्याने हात लांबवून आवाज कमी केला, खालच्या स्वरात "व्हय, वहिनी" म्हटले, आणि मग तो शेवटचा ठोसा मारला.