अकीशूच्या सासूबाईंचा पहिला मासा

बर्फाच्या मुलखातल्या आमच्या गावात पाण्याचा टँकर चालवणारा अकीशू एकसष्ट वर्षांचा आहे आणि त्याची सासू सहा वर्षांची.

थोरली सासू, कूयू, सात वर्षांपूर्वी गेली. आमच्यात गेलेल्या माणसाचं नाव पुढं जन्मणाऱ्या बाळाला देतात, आणि नावामागून नातीही चालत येतात. शेजारी मुलगी झाली, तिला कूयूचं नाव मिळालं. तेव्हापासून अकीशू तिला सासूबाई म्हणतो आणि ती त्याला जावई. अकीशूची बायको नाउडलाक तिला आई म्हणते, आणि तिचं नाकही पुसते.

थोरल्या कूयूनं बत्तीस वर्षांत जावयाला एक बरा शब्द दिला नाही. त्यानं सील आणला की, "लहान आहे." वॉलरस आणला की, "म्हातारा आहे." तिच्या तोंडचा तो एक शब्द ऐकायचा राहिला, हे दुःख अकीशू टाकीत पाणी भरता भरता घरोघर सांगायचा. नवी सासू बोलायला लागली तशी त्याची आशा परत उभी राहिली.

यंदा मे महिन्यात सूर्य मावळायचं विसरला आणि सारं गाव गळ घेऊन समुद्रावरच्या बर्फावर उतरलं. धाकट्या कूयूचा तो पहिलाच गळ. पहिली शिकार आमच्यात स्वतः खायची नसते, एका वडीलधाऱ्याला द्यायची. कुणाला, हे जिची शिकार तिनं ठरवायचं. अकीशूनं सगळ्यांच्या आधी येऊन तिच्यासाठी बर्फात भोक पाडलं.

"जावई, वाकडं आहे," सासूबाई म्हणाल्या.

"तीच! तीच आहे ही!" म्हातारा तागाक गुडघे बडवत ओरडला.

अकीशूनं दुसरं पाडलं.

"लहान आहे."

त्यानं घाम पुसत तिसरं पाडलं. लोक हसून हसून बर्फावर लोळले.

एवढ्यात दोरी ताणली. कूयूनं दोन्ही हातांनी ओढली, पाठीवर आपटली, आणि तिच्या पोटावर येऊन पडला वीतभर मासा. तोंड बेडकाचं, डोक्यावर काटे. असला मासा मोठी माणसं पाण्यात परत फेकतात. पण पहिली शिकार ती पहिली शिकार. तिथंच स्टोव्ह पेटला, पातेलं चढलं.

मासा शिजला. कूयू तो ताटलीत घेऊन उभी राहिली. तागाकनं टोपी सरळ केली. नाउडलाक लाडात येऊन म्हणाली, "आई, मी तुझी लेक ना गं?" अकीशू नुसता बुटांकडं बघत होता.

ताटली त्याच्यासमोर थांबली. "घे, जावई."

त्यानं असा घास घेतला, जणू अख्खा वॉलरसच तोंडात घालायचाय.

"हळू खा," सासूबाई म्हणाल्या. "काटा लागेल."

अकीशूचा जबडा थांबला. मग त्यानं तिला उचललं, खांद्यावर घेतलं, आणि बर्फावर असा नाचायला लागला की तागाकला वाटलं, आता बर्फ फुटून सगळ्यांनाच समुद्र गिळणार.

"थांबा! थांबा!" नाउडलाक कमरेवर हात ठेवून कडाडली. "मला पन्नास वर्षांत एकदाही 'हळू खा' म्हणाली नाही ही बाई!"

"शेपूट उरलंय," सासूबाई खांद्यावरून म्हणाल्या. "ये, पण आधी हात धू."

नाउडलाक निमूटपणे हात धुवायला गेली.