टोरीच्या तेलावर चाललेली मोटारसायकल

माझ्या मेहुण्याचं पहिलं स्थळ मोटारसायकलीनं मोडलं, असं आमच्या घरात अजून सांगतात. मोटारसायकल बिचारी निर्दोष होती. ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली, कारण ती सांगितली की पुढचा प्रश्न ‘मग दोषी कोण?’ असा येतो. आणि त्याचं उत्तर आत्ता चष्मा पुसत बसलं आहे.

ऐंशीच्या दशकात मी धानोऱ्याला वनोपजाच्या गोदामात मापाडी होतो. मोहफुलं, हिरडा, डिंक, जे येईल ते तोलायचं. माझ्याकडे एका निवृत्त वनरक्षकाची जुनी मोटारसायकल होती. ती उतारावर सुरू व्हायची आणि चढावर बंद पडायची, त्यामुळे कुठे जायचं हे मी नव्हे, रस्ता ठरवायचा.

प्रकाश म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्यानं नुकतंच बसस्टँडजवळ गॅरेज टाकलं होतं. आठवडाभर खपून त्यानं माझ्या गाडीचं इंजिन उघडलं, घासलं, पुन्हा बांधलं. पहिल्याच किकला सुरू! एवढी मेहनत माझ्या प्रेमापोटी नव्हती. त्याला सांगून आलेल्या मुलीचे वडील माजरीच्या कोळसा खाणीत मशीन चालवून, निवृत्त होऊन आपल्या गावी परतलेले. त्यांनी निरोप धाडला होता, “पोराचं गॅरेज नाई पाहत मी. त्यानं बांधलेल्या गाडीवर या. गाडीच सांगंल.”

म्हणजे मुलगी आम्ही पाहणार आणि गाडी ते पाहणार!

आदल्या दिवशी प्रकाश म्हणाला, “भाऊजी, पेट्रोलमंधी मिसळाचं ऑइल सरलं. संध्याकाळच्या एसटीनं येऊन राह्यलं. तोपर्यंत गाडीले हात नोका लावू.”

संध्याकाळची एसटी आलीच नाही. मी विचार केला, तेल ते तेल. घरात टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या तेलाचा डबा भरलेला होता. त्यात आम्ही वडे तळतो, तेच भेगाळलेल्या टाचांना लावतो. जे माझ्या आईच्या गुडघ्यांना चालतं ते इंजिनाला का चालू नये? ओतलं!

“ऑइल टाकलं रे,” मी प्रकाशला सांगितलं.

“एसटी तं आली नाई. कोणं आणलं?”

“आलं ना आता! तू झोप जाऊन.”

एक गोष्ट मी विसरलो. टोरीचं तेल थंडीत तुपासारखं गोठतं. दर हिवाळ्यात आईला तो डबा चुलीजवळ सरकवताना मी लहानपणापासून पाहत आलो होतो. आणि दिवस होते जानेवारीचे!

सकाळी बऱ्याच किका खाऊन गाडी निघाली. जंगलातून धुकं कापत आम्ही चाललो आणि आमच्यामागे पांढरा धूर.

“भाऊजी, वड्याचा वास कुठून येऊन राह्यला?”

“पाहुण्यांसाठी तळून राह्यले असतील.”

“गाव अजून लय दूर हाय!”

“मंग वारा तिकडचा असंल.” (वारा नव्हताच.)

गावात शिरलो तर सगळी कुत्री मागे. आजवर कुत्री गाडीवर भुंकताना पाहिली होती, ही नाक वर करून, शेपट्या हलवत येत होती! अशा वरातीनं आम्ही मुलीच्या अंगणात पोचलो, आणि गाडीनं एक ढेकर देऊन मान टाकली.

“जय भीम,” मी हसून म्हणालो.

“जय भीम,” मुलीचे वडील म्हणाले. “बंद केली का पडली?”

“केली!”

“मंग चालू करा.”

मी किक मारली. प्रकाशनं मारली. शेजारच्या दोघांनी हौसेनं मारली. शेवटी पांढऱ्या स्वच्छ पँटीत प्रकाश खाली बसला आणि त्यानं कार्बोरेटर खोलला. आत पांढरा लोण्यासारखा गोळा. त्यानं तो बोटांवर घेतला, चोळला, हुंगला. मग माझ्याकडे पाहिलं.

“हे काय जी?” मुलीच्या वडिलांनी विचारलं.

बोलायला हवं होतं मी. पण आमच्यात बहिणीच्या नवऱ्याची परक्या अंगणात फजिती करत नाहीत. जे काय बोलायचं ते घरी. प्रकाश माझी वाट पाहत होता, आणि मी या रिवाजाची.

“ग्रीस हाय,” प्रकाश म्हणाला. “माह्याच हातानं जास्त लागलं.”

“कार्बोरेटरमंधी ग्रीस?” ते एवढंच बोलले आणि आम्हाला पोहे वाढायला सांगून आत गेले. पोहे चांगले होते. मी दोनदा घेतले. प्रकाशनं ताटली तशीच ठेवली.

पुढच्या आठवड्यात निरोप आला, “पोरगा गुणाचा हाय, पण हात कच्चा हाय.” पुढे प्रकाशचं लग्न दुसरीकडे झालं, संसारही चांगला झाला. पण ‘हात कच्चा’ हे पंचक्रोशीत पसरलं. बंद पडलेल्या गाड्या लोक त्याच्या गॅरेजसमोरून ढकलत पुढच्या गॅरेजला न्यायचे. शेवटी तो धानोरा सोडून वडशाला गेला. घरात विषय निघाला की मीही सगळ्यांबरोबर मान हलवायचो.

गेल्या वर्षी ठरवलं, आता पुरे. माफी मागायला स्कूटरवर वडशाला गेलो. वाक्य वाटेत पाठ केलं.

“काऊन भाऊजी, एवढ्या दूर?”

“सहज. गाडी जरा आवाज करून राह्यली.”

प्रकाशचेही गुडघे आता दुखतात. तरी तो हळूहळू खाली बसला आणि स्कूटर खोलायला लागला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी घसा साफ केला, तोंड उघडलं आणि म्हणालो,

“नीट बांध हं प्रकाश. त्या वेळेसारखं नको करू.”

त्यानं हातातला पाना फडक्याला पुसला. “नाई भाऊजी,” तो म्हणाला, “नाई करत.”

माफी मागायला जाऊन ताकीद देऊन परतलेला माणूस बहुधा जगात मी एकटाच असेन.