भरलेलं कपाट

दिवालीबाईला एक अक्षर ओळखता येत नाही आणि साक्रीकडच्या डोंगरातल्या त्या शाळेच्या वाचनालयाची किल्ली तिच्याच कमरेला! हसू नका. खिचडीची चूल पेटवायला ती सगळ्यांच्या आधी येते, म्हणून प्रेमराज सरांनी किल्ली तिला दिली. पुस्तकं ती चित्रावरून ओळखते. शनिवारी पोरं तिला वाचून दाखवतात आणि ती डोळे मोठे करून विचारते, "मंग? पुढे काय व्हयनं?" त्या एका प्रश्नापायी पोरं वाचायला शिकली.

नियमही तिचाच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरच्या पोरानं आधी पुस्तक जमा करायचं. एक पुस्तक गुजरातच्या फडात हरवलं, तेव्हापासूनचा.

यंदा दसरा झाला आणि पुस्तकं परत यायला लागली. सोमवारी चार, मंगळवारी नऊ. "वा दिवालीबाई, कपाट भरत आलं!" सर खुशीत म्हणाले. तिला मेलं ते भरलेलं कपाट बघवेना. पुस्तक आत येतं तेव्हा पोर बाहेर जातं, हे सरांना कोण सांगणार?

गुरुवारी एकच जागा रिकामी उरली, वाघाच्या पुस्तकाची. ते दुसरीतल्या रोहिणीकडे होतं. ती कानाशी येऊन म्हणाली, "मी ते लपाडी ठेवेल शे. पुस्तक जमा नही, तं जाता येत नही ना?"

पोरीनं नियम उलटा धरला होता. दिवालीबाईनं समजूत घालायला तोंड उघडलं आणि मिटलं. "नको दिऊ," ती म्हणाली.

शुक्रवारी बाजाराच्या दिवशी मुकादमाचा ट्रक शाळेपुढच्या चिंचेखाली लागला. भांडी, गोधड्या, कोंबड्या चढल्या. रोहिणीचा बाप कुवरसिंग मात्र शाळेत आला. हातात पुस्तक, त्यावर दाण्यांच्या कोठीतली धूळ.

"अक्का, पोरनी दडाडेल व्हतं. शाळानी वस्तू शे, आपलाले चोरी नको."

दिवालीबाईनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. "पोरले आठे शाळामाच राहू दे, भाऊ. खिचडी मी खावाडसू."

"मंग धाकलाले फडात कोण संभाळी?" तो खालमानेनं म्हणाला. बिचारा प्रामाणिक माणूस! सदऱ्यानं धूळ पुसून त्यानं पुस्तक स्वतःच त्या रिकाम्या जागी सरकवलं.

ट्रक रोहिणीला घेऊन गेला. चढताना ती रडलीसुद्धा नाही, नुसती शाळेच्या दारातून दिसणाऱ्या कपाटाकडे बघत होती.

दिवालीबाईनं वाघाचं पुस्तक काढलं. निम्म्यावर खुणेला पळसाचं पान होतं, अजून हिरवं. तिथून पुढची पानं तिनं उलटून पाहिली. पुढे काय झालं, ते तिला वाचता येत नव्हतं.