आमेन होईपर्यंत

“गाडी डोळ्यांनी दिसल्याबिगर ‘लागली’ म्हणून मी सांगणार न्हाय,” असं विरुपाक्ष एकदा साहेबांना तोंडावर म्हणाला होता. सोलापूरच्या एसटी स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली. देवाबाबतही त्याचं म्हणणं तेच. दिसला की पुकारीन.

टेंभुर्णी गाडीचा ड्रायव्हर शामुवेल पक्का ख्रिस्ती. स्टिअरिंगवर कपाळ टेकून प्रार्थना केल्याशिवाय तो गाडी हलवत नसे. आपल्या माईकच्या केबिनच्या काचेतून विरुपाक्ष त्याच्या ओठांकडे बघत थांबे. ‘आमेन’ झालं की मगच सांगे, “टेंभुर्णी गाडी सुटत आहे.” या उशिराबद्दल त्याला मेमोही मिळाला. कारण म्हणून त्यानं लिहिलं, ‘ड्रायव्हर कामात होता.’

“तुझ्या देवाला टाइमटेबल न्हाय का रं?”

“हाय की. तुला वाचता येत न्हाय.”

शामुवेलची आई गेली, तेव्हा कबरीपाशी सगळ्यांबरोबर विरुपाक्षही ‘आमेन’ म्हणून गेला. परतताना शामुवेलनं त्याला बाजूला घेतलं.

“न लागलेली गाडी का पुकारलीस?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“न्हाय वाटलं. तूच खोटं बोलायला लागलास, तर मी भरवसा कुणाच्या बोलण्यावर ठेवू?”

आता दोघंही रिटायर. गेल्या महिन्यात लकव्यानं शामुवेलची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. प्रयत्न केला तर शब्द परत येतील, असं डॉक्टर म्हणाले होते. पण शामुवेलनं प्रयत्नच सोडला होता.

जुळे सोलापूर भागातल्या शामुवेलच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी त्याची सून चैताली वहीतून प्रार्थना वाची. शेवटचा शब्द तिनं म्हटला की तो भिंतीकडे तोंड फिरवी.

“काका, आज तुम्ही म्हणा ना,” ती भेटायला आलेल्या विरुपाक्षला म्हणाली. “तुमच्या तोंडून ऐकून तरी बाबा बोलतील.”

एवढासा शब्द. माईकवर त्यानं आयुष्यभर ‘कृपया’ म्हटलं होतं, मनात नसताना. शामुवेल त्याच्याकडेच बघत होता. डाव्या मुठीत चादर घट्ट धरलेली.

“नको पोरी. ती गाडी माझी न्हाय.” विरुपाक्षनं खुर्ची पलंगाजवळ ओढली. “शामू, तू म्हण. मी थांबतो. मेमो आला तर घेतो.”

चहावर साय धरली. विरुपाक्ष जुन्या सवयीनं ओठांकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं शामुवेलनं डाव्या मनगटावर कपाळ टेकलं. “आ” आला आणि विरून गेला. पुन्हा आला. ओठ मिटले, थरथरले, उघडले.

“...म्येन.”

चैतालीनं वही तोंडाशी धरली. शामुवेलनं मान वर केली आणि वाट बघू लागला. आमेननंतरचं ‘गाडी सुटत आहे’ हे वाक्य नेहमीच विरुपाक्षचं असे.

पण सुटणारी गाडी विरुपाक्षला कुठं दिसत नव्हती. त्यानं मित्राच्या हातावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग उठून पायांत चपला सरकवल्या आणि बाहेर पडला.