ताईची इम्युनॉलॉजी, मुक्काम आरोंदा

मे महिन्यात आमच्या खाटेखाली फणसाच्या आठळ्या साठतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. गरे खाल्ले की आठळ्या मागे राहतातच. ताई अभ्यासाला घरी आली तेव्हापासून किश्श्यांचं तसंच झालंय.

ताई डॉक्टरकी शिकते. दुसऱ्या वर्षाच्या एका विषयात ती नापास झाली. लेखी पेपर चांगला गेला होता. तोंडी परीक्षेत सरांनी इम्युनॉलॉजीचं विचारलं, म्हणजे शरीर रोगाशी कसं लढतं ते, आणि ताईची वाचाच बसली. उत्तर येत होतं, तोंडातून बाहेर येत नव्हतं. आता पुन्हा परीक्षा. या वेळीही गप्प राहिली तर मैत्रिणी पुढच्या वर्षाला जाणार आणि ताई मागे राहणार. म्हणून ती पुस्तकं घेऊन आरोंद्याला आली आणि तिच्याबरोबर सगळं घर अभ्यासाला लागलं.

*

पहिल्याच दिवशी शेजारची मालूआत्या चौकशीला आली.

"कसलो अभ्यास करतंस गो?"

"इम्युनॉलॉजी."

"ता खंय आसता? पोटात?"

"एका जागी नसतं, आत्या. रक्तात, हाडात, कातडीत, गळ्यात. सगळीकडे थोडं थोडं."

आत्याने जरा विचार केला. "मगे बरां. माणसाक खंयय दुखला तरी तो तुज्याकडेच येतलो."

*

इन्सुलीच्या नाक्यावर पोलिसांनी हटकल्यावर बाबांनी हेल्मेट घेतलं. ते घालून पहिल्यांदा घरी आले आणि आमच्या काळू कुत्र्याने फाटकातच त्यांची पँट धरली.

ताई पडवीतून ओरडली, "बाबा, हलू नका! हे मी कालच वाचलं. राखणदार घरच्यालाच ओळखत नाही. शरीरातही असंच होतं, त्याला ऑटोइम्यून म्हणतात."

"माजी पँट फाटता हा आणि तू नाव वाचून दाखवतंस?" बाबा हेल्मेटच्या आतून म्हणाले. "औषद काय ता सांग."

"राखणदाराला मारायचं नाही. नुसतं शांत करायचं. मारलं तर उद्या चोर आल्यावर भुंकणार कोण?"

बाबांनी हेल्मेट काढलं. काळूने त्यांचं तोंड पाहिलं, पँट सोडली आणि माडाच्या मागे जाऊन बसला. बाबांनी जेवायला हाक मारली तरी संध्याकाळपर्यंत तो पुढे आला नाही.

*

आईला गेल्या वर्षापासून सुंगटं बाधतात. कोळंबीला आमच्याकडे सुंगटं म्हणतात. हात लागला तरी अंगावर गांधी उठतात. आईला ते पटत नाही.

"जल्मभर खाल्लंय. तेव्हा काय झाला नाय तां?"

ताई म्हणाली, "शरीर आधी नुसती ओळख करून घेतं. वैर कधी धरायचं ते त्याचं ते ठरवतं."

"म्हणजे तुज्या मालूआत्येसारख्या," आई म्हणाली.

त्यानंतर एकदा सुंगटं केली तेव्हा ताईने आपल्या ताटात घेतलीच नाहीत. लहानपणी माझ्या वाटणीचीही तीच खायची. आई म्हणाली, "खाज माका आणि उपास तुका? मी रांधतंय तां कोणासाठी?"

ताई उठली, आत गेली आणि आपला कॉलेजातला मास्क आणि हातमोज्यांची जोडी घेऊन आली. आता सुंगटं आणली की सोलायचं काम माझं, आणि आई मास्क लावून, मोजे घालून चुलीपाशी लांबून ढवळत असते. मीठही मीच चाखते.

मालूआत्याने एकदा खिडकीतून डोकावून विचारलं, "कोणाचा ऑपरेशन चलला हा?"

"सुंगटाचा," आई म्हणाली. "वाचाचा नाय."

*

तोंडी परीक्षेच्या सरावासाठी ताईने मला परीक्षक केलं. मी पाहुणे आले की आतल्या खोलीत जाते. वर्गात उत्तर येत असलं तरी हात वर करत नाही. पण ताईचं म्हणणं, भीती वाटणार नाही असा परीक्षक घरात मी एकटीच.

मी खुर्चीत बसले, ती समोर उभी राहिली. मी प्रश्न वाचला.

"ऐकू आलं नाही," ताई म्हणाली.

मी पुन्हा वाचला. या वेळी ऐकू गेला असावा, कारण ती एकदम गप्प झाली. मग मीही गप्प. बऱ्याच वेळाने आईने दारातून विचारलं, "सुरू झाली काय गो परीक्षा?"

"संपली," ताई म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. पण ताई त्या दिवशी जेवली नाही.

*

बाबाही एरवी कमीच बोलतात. पण गावात देवासमोर गाऱ्हाणं घालायला लोक त्यांनाच पुढे करतात. ते मागणं सांगत जातात आणि प्रत्येक वाक्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात.

ताईने त्यांना विचारलं, "तुमचं कधी अडत कसं नाही?"

"मी एकटो खंय बोलतंय?" बाबा म्हणाले. "मागसून सगळे व्हय म्हणतत. त्या व्हयवर पुढचा वाक्य येता."

त्या संध्याकाळपासून आमच्या घरापुढच्या खळ्यात इम्युनॉलॉजीचं गाऱ्हाणं सुरू झालं. ताई इंग्रजीत एकेक पायरी सांगायची, मालूआत्यासकट आम्ही सगळे व्हय म्हणायचो. रक्तातली काही प्रथिनं एकामागून एक जंतूला चिकटतात आणि शेवटी त्याला भोक पाडतात, हा तिचा सगळ्यात अवघड धडा. त्यांना नंबर आहेत, पण ती नंबराने येत नाहीत. आधी एक, मग चार, मग दोन, मग तीन.

"शाळा खंयची गो तुजी?" आत्याने विचारलं. आणि बाबांना म्हणाली, "देवाक इंग्रजी कळता काय रे?"

"तुका कळता? तरी व्हय म्हणतंसच मां?"

परीक्षा झाली, निकाल अजून लागायचा आहे. आत काय झालं ते ताईने फोनवर सांगितलं.

बाहेरगावहून आलेल्या सरांनी नेमका तोच धडा विचारला. ताईने पहिली पायरी सांगितली आणि थांबली.

"पुढे?" सर म्हणाले.

पुढे काही येईना. तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं. "सर, घरी प्रत्येक पायरीला सगळे होय म्हणतात. त्याच्यावर पुढचं येतं."

शेजारी बसलेल्या मॅडमनी चष्मा काढला.

"बरं," सर म्हणाले. "होय."

ताईने चौथं सांगितलं.

"होय."

दुसरं सांगितलं.

"होय."

तिसऱ्याला मॅडमही सरांबरोबर होय म्हणाल्या. ताई म्हणते, तिथून पुढे समोर कोण बसलंय हेच तिला दिसेनासं झालं. इंग्रजी आपोआप गाऱ्हाण्याच्या चालीत यायला लागलं, आवाज चढत गेला. पाच झालं, सहा, सात, आठ, नऊ झालं, जंतूला भोक पडलं.

सर काही म्हणणार, तेवढ्यात दारातून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन शिपाईकाका उभे होते.

"व्हय म्हाराजा."