मोबाइलमधल्या लिंबाखाली

बीदर जिल्ह्यातल्या मेहकरची अंबिका मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भांडू शकायची. भालकीच्या बाजारात तिच्याशी भाव करायला व्यापारी कचरत. पण घरात एका विषयावर तिचं तोंड उघडत नसे, आणि तो विषय म्हणजे तिची लेक प्रणिता.

प्रणिताला थॅलेसेमिया होता. तिच्या अंगात रक्त नीट तयार होत नव्हतं, म्हणून दर तीन आठवड्यांनी बीदरला नेऊन बाहेरचं रक्त चढवावं लागायचं. रक्त चढलं की पोरगी पुन्हा उड्या मारायला मोकळी. गावात सांगितलेलं होतं की पोरीला अशक्तपणा आहे. घरात मात्र सासू नागूबाई दळण निवडता निवडता म्हणायची, "आमच्या घराण्यात असलं कधीच न्हवतं. हे तुझ्या बापाकडनं आलंय." अंबिका ऐकून घ्यायची, कारण तिलाही ते खरंच वाटायचं.

सासरा रामकिशन हा अंबिकाचा सख्खा मामा. करजगीला दिलेल्या बहिणीची ही लेक त्यानं मोठ्या हौसेनं थोरल्या मुलासाठी, शिवराजसाठी सून करून आणली होती. आता धाकटा मुलगा नरसिंग लग्नाला आला होता आणि अंबिकाची धाकटी बहीण महादेवी त्याला करायची, हे दोन्ही घरांनी धरूनच चाललं होतं. पाठची बहीण जाऊ होऊन येणार म्हणून अंबिकाही खुशीत होती.

त्या सुमारास बीदरच्या दवाखान्यात सुकन्या नावाची एक बाई भेटली. मूळची कलबुर्गीची, आता बेंगळूरुला राहणारी. रक्तातून, घराण्यातून येणारे आजार माणसांना समजावून सांगणं हेच तिचं काम. मुलांना रक्त चढवायला घेऊन आलेल्या आयांना ती म्हणाली, "एकेकीला बाजूला घेऊन मी बोलते, पण तुम्ही नुसत्या माना हलवता. शेजारच्या खाटेवर कुणी ओळखीचं असेल म्हणून विचारतच नाही. म्हणून आम्ही मोबाइलमध्ये एक अंगण केलंय. घरी बसून त्यात यायचं, पाहिजे ते सोंग घ्यायचं, पाहिजे ते नाव. तुमचा चेहरा कुणालाच दिसणार नाही."

रविवारी दुपारी अंबिका कानात इयरफोन घालून माळवदावर जाऊन बसली. पडद्यावर मोठं कडुलिंबाचं झाड, खाली सारवलेलं अंगण. सोंग निवडताना तिनं जन्मात कधी न घातलेली जीन पॅन्ट उचलली आणि नाव घेतलं चिमणी. अंगणात शिरली तर कुणी फेटेवाला, कुणी डॉक्टरीण, कुणी चक्क मोर होऊन फिरत होता. कुणी आळंदचं, कुणी औरादचं. कोण कुठलं ते फक्त बोलण्यावरून कळायचं. बोट सरकवलं की चिमणी पळायची. अंबिकानं तिला झाडाभोवती दोन फेरे पळवलं. तिचं तिलाच हसू आलं.

सुकन्यानं टोपल्यांतून प्रत्येकाच्या हातात तुरीच्या बियांएवढे दोन दाणे दिले. काहींचे दोन्ही दाणे पांढरे, काहींचा एक पांढरा नि एक लाल. "लाल दाणा म्हणजे आजाराचा. एक लाल असला तर त्या माणसाला काही होत नाही. तो नुसता वाहक. आता जोड्या करा आणि डोळे झाकून आपल्यातला एकेक दाणा मातीत टाका. उगवेल ते रोप म्हणजे तुमचं मूल."

अंबिकाची जोडी मोराशी लागली. दोघांकडे एकेक लाल. पहिल्यांदा मातीतून हिरवं रोप आलं. दुसऱ्यांदाही हिरवं. तिसऱ्यांदा दोन्ही लाल दाणे एकत्र पडले आणि रोप पिवळं पडून मान टाकायला लागलं.

"आता एकदा झालं म्हंजे पुढच्याला धोका न्हाई ना?" मोरानं विचारलं. आवाजावरून तो आळंदकडचा वाटत होता.

"टाकून बघा," सुकन्या म्हणाली.

त्यांनी टाकलं. पुन्हा दोन्ही लाल.

"प्रत्येक वेळेला नव्यानं चिठ्ठी निघते, अण्णा. मागचं ती लक्षात ठेवत नाही."

पण अंबिकाचं लक्ष भलतीकडेच होतं. शेजारच्या जोडीत फक्त एकाकडे लाल दाणा होता. ती जोडी टाकून टाकून दमली, तरी त्यांचं एकही रोप पिवळं पडलं नव्हतं. अंबिका ताडकन उठून उभी राहिली. खऱ्या माळवदावर.

"दोघांकडनं यावं लागतंय! एकट्या बाईकडनं न्हाई!"

खाली शिवराज बैलाला पाणी दाखवत होता. तो दचकून वर बघायला लागला. "काय झालं गं? कामून ओरडायलीस?"

ती उत्तर देणार, तेवढ्यात तिच्या मनात नरसिंग आणि महादेवी उभे राहिले. तिनं विचारलं, "म्याडम, लग्नाच्या आधी कळतंय का, कुणाकडं लाल हाय ते?"

"कळतं की. एका रक्ताच्या तपासणीत."

त्या संध्याकाळी तिनं शिवराजला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अप्पाला मी सांगतो." पण रामकिशन ऐकायला तयार नव्हता. "रगत तपासलं म्हणून गावभर झालं, तर ह्या घरात पोरगी कोण देईल? काय बोलायलास तू!"

मग अंबिका स्वतः पुढं झाली. "मामा, तिथं तुमचं तोंड कुणाला दिसत न्हाई. एक डाव बसा. न्हाई पटलं तर मी पुन्हा बोलणार न्हाई."

पुढच्या रविवारी रामकिशन मोबाइल हातभर लांब धरून बसला. सोंग निवडताना त्याचं जाड बोट भलत्याच जागी पडलं, आणि अंगणात हिरव्या साडीतली, केसात अबोली माळलेली एक तरणी बाई अवतरली.

"ही मी हाय का?" ती बाई घोगऱ्या आवाजात गरजली.

सगळं अंगण तिच्याकडे वळलं. मग मोर म्हणाला, "अक्का, आवाज लई खणखणीत हाय तुमचा!" जो हशा उसळला त्यात रामकिशनही सापडला. इतकं हसला की त्याला ठसका लागला. सुकन्यानं सोंग बदलून देऊ का विचारलं, तर म्हणाला, "राहू द्या. ह्यात कोण वळखतंय मला!"

आणि बहुधा म्हणूनच त्यानं विचारलं. "एक माणूस हाय. त्यानं बहिणीची लेक सून करून आणली. नात आजारी निघाली. चूक कुणाची?"

"चूक कुणाचीच नाही," सुकन्या म्हणाली. तिनं अंगणातल्या लोकांनाच त्या घरातली माणसं म्हणून उभं केलं. वर आजा-आजी, खाली भाऊ-बहीण, त्यांच्या खाली मुलगा आणि सून. नात आजारी म्हणजे आईबाप दोघांकडे लाल दाणा असणारच. तो वर वर शोधत गेलं की बहुतेक एकाच जागी, वरच्या आजा-आजीपाशी, पोचायला होत होतं.

रामकिशननं ती उभी केलेली माणसं खालून वर पुन्हा एकदा मोजली. मग इयरफोन काढून चुलीपाशी बसलेल्या नागूबाईला म्हणाला, "ह्यापुढं सुनेला एक शबुद बोलायचा न्हाई. बहुतेक माझ्याच आयबापाकडनं आलंय ते. तिकडनं बहिणीच्या हातनं तिला, इकडनं माझ्या हातनं शिवराजला."

नागूबाईनं चुलीतलं लाकूड आत सारलं. पण दुसऱ्या दिवशी अंबिकाच्या ताटात भाकरीवर लोण्याचा गोळा पडला. प्रणिताला बीदरला घेऊन जायचं कामही पुढच्या खेपेपासून रामकिशननंच स्वतःकडे घेतलं.

नरसिंग आणि महादेवीची तपासणी झाली. दोघंही वाहक निघाले. सुकन्यानं त्यांना सांगितलं, की लग्न करू नका असं मी म्हणणार नाही. दिवस राहिल्यावर पोटातल्या बाळाची तपासणी होते, तोही मार्ग आहे. ठरवायचं तुम्ही. दोघं एकमेकांशी फोनवर बोलले आणि महादेवीनं घरी सांगितलं, "प्रत्येक डावाला तो घोर मला न्हाई सोसायचा."

करजगीला आई रडली, काही आठवडे तिनं अंबिकाचा फोन घेतला नाही. नरसिंगही जेवणाच्या वेळेला घरात थांबेना. अंबिकाला वाटलं, आपण हे काय करून बसलो! पण महादेवीनं नर्सच्या कोर्सला नाव घातलं आणि कॉलेजच्या पांढऱ्या कपड्यातला फोटो पाठवला, तेव्हा आईचाच फोन आला. "फोटो बघितलास का गं?"

आणि रामकिशन! आळंदकडच्या एका घरी मुलगी बघायला गेला, तर चहा यायच्या आत म्हणाला, "पत्रिका मागनं बघू. आमचा पोरगा वाहक हाय, पोरीचं रगत आधी तपासू." मुलीचा बाप उठून आत निघून गेला. दुसऱ्या घरी मात्र सुधारानी नावाची ती मुलगीच पुढं येऊन म्हणाली, "मी तपासून घेते. आमच्या मावशीच्या घरी पण असंच हाय." तिच्या रक्तात काही निघालं नाही. नरसिंगनं तिचा नंबर मागून घेतला, तेव्हा अंबिका चुलीपुढंच टाळ्या वाजवायला लागली.

आता रविवारी अंगण सुरू व्हायच्या आधी अंबिका तिथं हजर असते. नव्या माणसांना आत घ्यायचं काम सुकन्यानं तिच्यावर सोपवलंय. परवा कुंपणाबाहेर एक नवा फेटेवाला नुसताच उभा होता. चिमणी पळत त्याच्याजवळ गेली.

"या की आत. इथं कुणी खरं नाव विचारत न्हाई."

फेट्याखालून एका तरुणाचा आवाज आला. "माझं लगीन ठरलंय, मामाच्या पोरीसंगं. कुणाला विचारावं काय कळंना झालंय."

"मग बराबर जागी आलाव!" अंबिका म्हणाली आणि दाण्यांच्या टोपल्यांकडे अशी सुसाट निघाली, की तो मागून ओरडला, "अक्का, जरा सावकाश!"